अठरा क्विंटल आणि चार चाकं

सानगडीला मी पहिल्यांदा गेलो तो एका लेथ मशीनला वीज जोडून द्यायला. सन एकाहत्तरची गोष्ट. मी वीज मंडळात वायरमन होतो, साकोलीला नेमणूक होती आणि सायकल हेच वाहन. तारांचं भेंडोळं कॅरियरला बांधून, घामाघूम होऊन मी गावात शिरलो तेव्हा सुखरामभाऊंच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. ट्रकवरून मशीन उतरवणं चालू होतं.

सुखरामभाऊ सानगडीचेच, पण चौदा वर्षं त्यांनी नाकाडोंगरीजवळच्या मँगनीजच्या खाणीत काढली होती. खाणीच्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. लेथवर लोखंड फिरवायचं आणि धारदार टूलनं ते हव्या त्या मापाचं कापायचं, हे त्यांचं काम. वर्कशॉपनं जुनी लेथ काढून टाकायचं ठरवलं तशी भाऊंनी नोकरी सोडली आणि ती मशीन घेऊन गावी परत आले. आजूबाजूला धानाच्या मिली वाढत होत्या. त्यांचे शाफ्ट झिजत, पुल्या फुटत, आणि दुरुस्तीला नागपूरपर्यंत जावं लागे. हे काम गावातच करू, असा त्यांचा विचार. खाणीच्या काट्यावर मशीनचं वजन झालं होतं, अठरा क्विंटल. भाऊ तो आकडा एखाद्या पैलवानाची ओळख करून द्यावी तसा सांगत.

आठ गडी सब्बल, म्हणजे पहारी, लावून मशीन पाइपांवरून टिनाच्या शेडमध्ये सरकवत होते. एका बाजूला एक ठेंगणी, बांधेसूद बाई उभी होती, डोक्यावर पदर. ती म्हणाली, "तिकडं ढाल हाय. आधी तिकडं पाइप आडवा टाका, मंग सोडा."

कोणी लक्ष दिलं नाही. उतार कुठला, जमीन मला तरी सपाट दिसत होती. गड्यांनी जोर लावला, मशीन दोन पाइप पुढं गेली आणि मग आपणहून डावीकडं वळून शेडच्या खांबाला जाऊन टेकली. खांब वाकला. सगळे मागं सरले.

"आता सांग बाई, पाइप कुठं टाकू?" त्यातल्या एकानं विचारलं.

ती रुखमाबाई, भाऊंची बायको. तिचं माहेर नाकाडोंगरीचं. लग्नाआधी चार-पाच वर्षं ती खाणीत रुळांवरून मातीचे डबे ढकलत होती. भरलेला डबा कुठं आपणहून पळेल आणि कुठं अडेल, हे त्या बायकांना पायाच्या तळव्यांनी कळे. रुखमाबाईला ते जन्मभर कळलं. त्या दिवशी उरलेलं अंतर मशीन तिच्या सांगण्यावर गेली, आणि संध्याकाळच्या आत मी मोटारीला तीन तारा जोडून दिल्या.

पहिली दोन वर्षं काम छान चाललं. अडचण होती ती जमिनीची. सानगडीची ती जागा कन्हार मातीची. कन्हार पाणी पिते आणि फुगते, उन्हाळ्यात सुकते आणि भेगाळते. मशीनचा एखादा पाय पावसाळ्यात सुतभर वर उचलला जाई. डोळ्याला काही दिसत नसे, पण लेथ पिळली जाई आणि शाफ्ट एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघे. मिलवाला तो परत आणून टाकी. मग भाऊ सब्बलनं मशीनचा पाय उचलत आणि खाली पत्र्याचा तुकडा सरकवत. ह्याला चार माणसं लागत, आणि नेमका तो काळ रोवण्याचा. धानाची रोपं लावायच्या त्या दिवसात गावातला प्रत्येक माणूस चिखलाच्या बांधीत कमरेत वाकलेला. सब्बल धरायला कोण येणार?

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात भाऊंनी ते काम एकट्यानं करायला घेतलं. सब्बल घसरली. मशीनचा पाय त्यांच्या उजव्या पावलावर आला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ते दीड महिना होते. परत आले तेव्हा पायाला तीन बोटं कमी होती, हातात काठी होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की उभं राहून काम करणं आता विसरा. मी भेटायला गेलो. भाऊ ओसरीत बाजेवर बसले होते. शेडचं दार बंद होतं.

"मशीन विकून टाका म्हनून राहिले लोक," ते म्हणाले.

रुखमाबाई चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देत ती सहज बोलली, "विकाची कायले? हे खुर्चीवर बसून सांगतीन, मी हातानं करीन."

भाऊंनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना हसू आलं असावं, पण ते हसले नाहीत. खाणीत चौदा वर्षं त्यांनी एकाही बाईला लेथच्या जवळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा हेच दृश्य असे. भाऊ स्टुलावर, काठी मांडीवर आडवी. रुखमाबाई मशीनसमोर, पदर कमरेला घट्ट खोचलेला, बांगड्या मनगटाच्या वर सरकवून कापडाच्या पट्टीनं बांधलेल्या. आधी ती नुसतं बटण दाबायची. मग खडबडीत कापाची कामं करू लागली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं एका बोल्टवर आटे पाडले, आणि भाऊंनी नट लावून पाहिला तर तो बोटानं फिरत शेवटपर्यंत गेला. त्यांनी तो बोल्ट धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला. मला दाखवायला सोडला तेव्हा तो ऊन होता.

पण जमिनीचं दुखणं तसंच होतं. आणि आता दुसरंही एक होतं. मशीन भिंतीला लागून उभी होती. लांब शाफ्ट आला की त्याचं टोक मशीनच्या डोक्यातल्या आरपार भोकातून मागं काढावं लागे, आणि मागं भिंत. अशी कामं परत पाठवावी लागत.

"मले अशी मशीन पायजे," रुखमाबाई एकदा म्हणाली, "जे मी एकटीनं हालवीन. पायजे तिकडं तोंड करीन."

"अठरा क्विंटल हाय ते," भाऊ म्हणाले.

"डबा भरला का पंधरा क्विंटलचा होत होता. दोघी जनी ढकलत होतो."

त्याला रूळ होते, चाकं होती, भाऊ म्हणाले. मग इथंही चाकं लावू, ती म्हणाली. असं ते सुरू झालं.

आधी तिनं जमीन बदलली. शेडमधली कन्हार माती गुडघाभर खोल खणून तिनं टोपल्यांनी बाहेर फेकली, खाली मुरूम आणि दगड ठोकून भरले, वर सिमेंटचा कोबा केला. मशीन मधे असल्यानं हे अर्ध्या अर्ध्या जागेत करावं लागलं, आणि मधल्या दिवशी मशीन पाइपांवरून हलवायला गावातल्या दहा माणसांनी हात लावला. मशीन हलवायला माणसं गोळा करायची ती शेवटची वेळ, असं ती तेव्हाच म्हणाली होती.

मग मशीनच्या पायांखाली दोन जाड लोखंडी चॅनल लावले आणि चारी कोपऱ्यांना ट्रकच्या जुन्या बेअरिंगची चाकं बसवली. बैलबंड्या दुरुस्त करणारा शेजारी इश्वर तिच्या मदतीला होता. ते काम झालं त्या दिवशी म्हणे मशीन एका धक्क्यासरशी शेडभर फिरली आणि सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, वायर तुटली, लवकर या.

मी जाऊन पाहिलं तर मशीननं स्वतःच वायर ओढून तोडली होती. काप सुरू केला, मशीन थरथरली आणि थरथरत थरथरत हातभर चालत गेली. कोब्यावर बारीक बेअरिंगनी खोल रेघा पाडल्या होत्या. मी रागावलो. वीज म्हणजे खेळ नाही, ह्यानं जीव जाईल, असं बरंच बोललो. रुखमाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"चाकावर उभी राहून मशीन काम करत नाही," भाऊ स्टुलावरून म्हणाले. "तिले पाय पायजेत."

"पाय असले त चालन कशी?"

"तेच त."

मी वायर जोडून निघालो. जाताना रुखमाबाई शेडच्या दारात उभी होती आणि शेजारी पाहत होती. इश्वर अंगणात एका बंडीच्या चाकाला वंगण घालत होता. वंगण घालायचं तर चाक मोकळं फिरायला हवं, म्हणून त्यानं आसाखाली लाकडाचा टेकू ठोकला होता. बंडी टेकूवर उभी होती आणि चाक जमिनीपासून दोन बोटं वर, हवेत. इश्वरनं ते हातानं फिरवलं. मग टेकू काढला, चाक जमिनीला लागलं आणि बंडी ढकलत त्यानं बाजूला केली.

मी तिथून निघून गेलो. मला त्यात काहीच दिसलं नव्हतं. मी जन्मापासून बंड्यांना वंगण घालताना पाहत आलो होतो.

पंधरा दिवसांनी परत गेलो तेव्हा मशीनच्या चारी कोपऱ्यांना नवं काही होतं. चाकं आता रुंद होती, चार बोटं रुंद, फुटक्या पुलीच्या बिडातून तिनं स्वतः कापलेली. आणि प्रत्येक चाकाशेजारी मनगटाएवढा जाड बोल्ट उभा होता. बोल्टच्या खालच्या टोकाला लोखंडी चकती, वरच्या टोकाला पाना लावायची जागा. पाना फिरवला की बोल्ट खाली उतरे, चकती कोब्याला टेके, आणि अजून फिरवला की चाक अलगद वर उचललं जाई. मग मशीन चार पायांवर उभी. बोल्ट उलटा फिरवला की पाय वर आणि चाकं खाली.

"पाय पन हाय, चाक पन हाय," रुखमाबाई म्हणाली. "एका वक्ती एकच."

त्या बोल्टांचे आटे बारीक होते. एक पूर्ण फेरा दिला तरी मशीन जेमतेम दीड सूत उचलली जाई. त्यामुळं जे काम आधी सब्बल आणि पत्र्याच्या तुकड्यांनी अंदाजे होत होतं ते आता केसाएवढ्या मापानं करता येई. मशीनचा एखादा कोपरा उतरला असेल तर तिथला बोल्ट पाव आटा फिरवायचा, बस. आणि वरून नट आवळला की बोल्ट जागचा हलत नसे.

मी तिला लांब, जाड रबराची केबल आणि चार पिनांचा प्लग लावून दिला. अर्थिंगची तार दोनदा तपासली. हे माझ्या हातून झालेलं एवढंच.

सत्त्याहत्तरच्या मार्गशीर्षात मी वीज-मीटर पाहायला सानगडीत होतो, तेव्हा साकोलीचे परसराम सेठ ट्रक घेऊन आले. त्यांची मोठी मिल होती. धान निघालेलं, मिलच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि मेन शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजून मिल बंद. शाफ्ट अकरा फुटांचा. सेठ शेडमध्ये आले, मशीन कुठं आहे ते पाहिलं, भिंत पाहिली.

"हा शाफ्ट काय भिंतीतून जाणार आहे?" ते म्हणाले. "चला रे, नागपूरला न्या."

"थांबा ना जी," रुखमाबाई म्हणाली. "चहा घ्या तवरक."

तिनं प्लग काढला. मोठा पाना घेतला आणि एका कोपऱ्यापाशी बसून अर्धा आटा फिरवला. उठली, दुसऱ्या कोपऱ्याला गेली, अर्धा आटा. तिसरा, चौथा. परत पहिला. एकाच कोपऱ्याला जास्त फिरवलं तर मशीन पिळते आणि तोल जातो, म्हणून असं गोल गोल जायचं. तिची अजिबात घाई नव्हती. पाचव्या फेऱ्याला मशीन चाकांवर बसली. आवाज काहीच झाला नाही. पाय वर घेऊन झाल्यावर तिनं पाना कमरेला खोचला, मशीनच्या शेपटाकडच्या बाजूला दोन्ही तळवे लावले आणि शरीर थोडं पुढं झुकवलं.

अठरा क्विंटल लोखंड हललं.

मी ते तोवर ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. एखादी म्हैस पाण्याच्या नांदेवरून तोंड वळवते तशी ती मशीन भिंतीकडून वळली. जोर लावल्याची खूण तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती मशीनकडं बघतच नव्हती, खाली कोब्याकडं बघत होती, जिथं चाक पुढं जाणार होतं तिथं. मशीनचं डोकं दाराच्या बरोबर समोर आलं तशी ती थांबली, आणि मशीनही तिच्याबरोबर थांबली. मग पुन्हा पाना, पुन्हा अर्धा अर्धा आटा, आणि चाकं कोब्यावरून उचलली गेली.

सेठच्या हातातला चहा तसाच होता. त्यांच्यासोबत आलेले हमाल, जे रोज क्विंटलची पोती पाठीवर वाहत, ते दाराबाहेर उभे होते. त्यातला एक म्हातारा हमाल पुढं आला आणि त्यानं मशीनला हात लावून जरा ढकलून पाहिलं. आता ती पायांवर होती. भिंत ढकलावी तसं झालं. त्यानं हात मागं घेतला आणि रुखमाबाईला नमस्कार केला.

मग तिनं गवंड्याची पाणसळ मशीनच्या बेडवर ठेवली, आडवी, उभी, पुन्हा आडवी. काचेतला बुडबुडा मधे आणला.

"पानसळीवर भरोसा नको ठेवू," भाऊ स्टुलावरून म्हणाले. "काप घेऊन पाह."

तिनं एक साधा सळईचा तुकडा चकमध्ये धरला, त्याची दोन टोकं एकाच कापात घासली आणि कॅलिपर भाऊंच्या हातात दिलं. भाऊंनी एक टोक मापलं, मग दुसरं. "उजव्या मागच्याले जरासं," ते म्हणाले. तिनं पाना लावला, जरासा हलवला. पुन्हा काप. भाऊंनी मापलं आणि मान हलवली.

अकरा फुटांचा शाफ्ट मशीनच्या डोक्यातून आरपार होऊन दारातून बाहेर अंगणात गेला. तिथं इश्वरनं त्याला लाकडी घोडीचा आधार दिला. बटण दाबलं तेव्हा अर्धा शाफ्ट शेडमध्ये फिरत होता आणि अर्धा उन्हात. दुपारपर्यंत काम झालं. सेठनी जाताना डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती, ती ट्रकमध्ये बसेपर्यंत तशीच हातात होती.

त्यानंतर तिचं नाव सगळ्या तालुक्यात झालं. मिलवाले, सॉ मिलवाले, वेल्डिंगवाले येऊन त्यांच्या मशीनींची मापं देत आणि ती चाकं आणि बोल्ट करून देई. बसवायला स्वतः जाई. भल्या भल्या मिस्त्रींना ती आधी अंगणात अनवाणी फिरायला लावी आणि विचारी, ढाल कुठं आहे सांगा. बहुतेकांना सांगता येत नसे. मलाही नाही आलं. मी कितीदा प्रयत्न केला.

पंच्याऐंशी साली भाऊंची छाती बिघडली. खाणीतली धूळ म्हणा की आणखी काही, डॉक्टरांनी वेगवेगळी नावं सांगितली. दिवाळीपर्यंत ते काठी घेऊन शेडपर्यंत येत होते. संक्रांतीनंतर ते बंद झालं. ओसरीतल्या बाजेवर पडून राहत आणि शेडमधून येणारा मशीनचा आवाज ऐकत. ओसरी आणि शेड यांच्यामध्ये चाळीस पावलांचं अंगण.

"आवाज येते," एकदा मला म्हणाले. "टूल बोथट झालं तेही समजते. पन काप दिसत नाही."

रुखमाबाई तिथंच बसली होती, त्यांचे पाय चेपत.

पंधरवड्यानं गेलो तर ती अंगण खणत होती. शेडच्या दारापासून ओसरीपर्यंत तिनं दोन समांतर चर काढले होते, मशीनच्या चाकांमधल्या अंतराएवढे. एक चर मुरूम ठोकून भरला होता, दुसरा भरणं चालू होतं.

"काय करून राहिली बाई?" मी विचारलं.

"यायले तिकडं नेता येत नाही," ओसरीतल्या भाऊंकडं पाहत ती म्हणाली. "मंग तिले इकडं आनतो."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी सायकल भिंतीला टेकवली आणि घमेलं उचललं. ती नको म्हणाली नाही. फाल्गुन संपेपर्यंत दोन्ही पट्ट्यांवर कोबा झाला, आणि ओसरीपुढं एक चौकोन, मशीन उभी राहील एवढा. तीन आठवडे तिनं त्यावर धानाचं तणीस टाकून पाणी मारलं. चालली ती अनवाणीच, रोज सकाळी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अंगणाला ओसरीकडं उतार होता. मशीन एकदा सुटली तर थेट भाऊंच्या बाजेवर जाणार. म्हणून तिनं मशीनच्या मागच्या बाजूला जाड दोर बांधला, शेडशेजारच्या मोहाच्या खोडाला त्याचे तीन वेढे दिले आणि टोक इश्वरच्या हातात दिलं. तरी त्या दिवशी, चैत्रातल्या दुपारी, अंगणात उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांनी लेकरं मागं ओढून धरली होती. आठ-दहा जण हात लावायला पुढं झाले.

"नको," ती म्हणाली. "एकानं ढकललं त हाताले समजते. दहानं ढकललं त कोनालेच समजत नाही."

मशीन शेडच्या दारातून बाहेर आली. पंधरा वर्षांत तिच्या अंगावर पहिल्यांदाच ऊन पडलं. तेलानं माखलेलं ते लोखंड असं चमकलं की समोरच्या बाया मागं सरल्या. रुखमाबाई आता मागं नव्हती. ती उताराच्या बाजूला, मशीनच्या पुढं होती, दोन्ही हात लावून, पाठीमागं पाऊल टाकत. पोरीचं पहिलं पाऊल पाहत आई उलटी चालते तशी. दोर मोहावर करकरत सुटत होता. दर दहा पावलांवर ती हात वर करी, इश्वर दोर आवळी, ती चारी कोपऱ्यांना पाना फिरवून मशीनला पायांवर उभी करी आणि मग दोघं दम घेत. तीनदा अशी उभी केली. चाळीस पावलांना सव्वा तास लागला.

मी केबल हातात घेऊन बाजूबाजूनं चालत होतो. मी तारा ओढल्या आहेत, खांब उभे केलेत, बावीस गावांत पहिला दिवा माझ्या हातानं लागला. पण त्या दुपारसारखं काही पाहिलं नव्हतं. जी वस्तू हलत नाही म्हणून माणसं तिच्याभोवती आपली घरं बांधतात, ती एका बाईच्या दोन तळव्यांसमोर हळूहळू उतरून येत होती.

ओसरीपुढं मशीन पायांवर उभी राहिली. भाऊंना आम्ही तक्क्याला टेकवून बसवलं. त्यांनी हात लांबवला आणि बेडवर तळवा ठेवला. किती वेळ ठेवला ते कळलं नाही.

"पानसळ लाव," ते म्हणाले.

तिनं लावली. मी प्लग घातला. तिनं सळईचा तुकडा धरला आणि काप सुरू केला. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून निघणाऱ्या लोखंडी काताकडं पाहू लागले. कात निळसर होऊन गुंडाळत खाली पडत होता.

"डाव्या पुढच्याले," ते म्हणाले, "पाव आटा."

तिनं मापून पाहिलंच नाही. मशीन बंद केली, पाव आटा फिरवला, पुन्हा चालू केली. दुसरा काप आरशासारखा निघाला. कॅलिपर तिनं त्यांच्या हातात दिलं. त्यांना ते पेलेना म्हणून मनगटाला तिनं खालून आधार दिला. दोन्ही टोकं सारखी होती.

त्यानंतर अडीच महिने वर्कशॉप ओसरीपुढं चाललं. वर ताडपत्री बांधली. गिऱ्हाईकं अंगणात येत, भाऊ बाजेवरून त्यांच्याशी बोलत, काम समजून घेत, रुखमाबाईला सांगत. शेवटच्या दिवसांत आवाज गेला तेव्हा ते बोटांनी सांगू लागले. दोन बोटं वर, म्हणजे दोन सूत अजून घे. तळवा सपाट, म्हणजे बस. जेठात एका सकाळी, मशीन चालू असताना, ते गेले. तिनं काप पूर्ण केला, मशीन बंद केली आणि मग त्यांच्याजवळ गेली. तशी मशीन मधेच कोणी थांबवत नाही, शाफ्टवर खूण राहते. भाऊंनीच तिला शिकवलं होतं.

तेरवीनंतर मशीन परत शेडमध्ये नेली. आता चढ होता आणि पावसाचे दिवस तोंडावर, म्हणून ह्या वेळी इश्वर आणि मी, दोघांनीही हात लावला. तिनं लावू दिला. शेडमध्ये तिनं मशीन दाराकडं तोंड करून उभी केली आणि त्याच दिवशी धान भरडायच्या एका हलरच्या शाफ्टचं काम घेतलं. पुढच्या वर्षी ड्रिलिंग मशीन आली, तिलाही चाकं. मग इश्वरची मोठी भाची कलाबाई, नवऱ्यानं सोडलेली, काम शिकायला येऊ लागली.

अठ्ठ्याऐंशीत माझी बदली लाखांदूरला झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा रुखमाबाई मशीनवर होती, चष्मा लावलेला, केस पांढरे. कलाबाई कोपऱ्यात एका बोल्टवर आटे पाडत होती. मी दारात उभा राहून सांगितलं, बदली झाली, उद्या निघतो.

"बसा ना, तेजरामभाऊ," ती मान न वळवता म्हणाली. "हा काप होऊ द्या."

मी स्टुलावर बसलो. काप लांब होता.